अ‍ॅबोरिजिनल चित्र घेताना, आणि घेतल्यावर

मेलबर्नला आल्यावर पहिल्या दिवाळीत पुण्याला भावाकडे पाठवायला मी एक बूमरँग घेतलं होतं. लाल मातीच्या रंगावर ठिपक्यांचं कासव, वरून चकचकीत वॉर्निश. पार्सल बांधताना उलटं करून पाहिलं तर मागे फक्त बारकोड. काढणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, भाषा नाही. दुकानात परत जाऊन विचारलं, तर 'डिझाइन अ‍ॅबोरिजिनल आहे', म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं आहे, एवढंच उत्तर मिळालं. ते बूमरँग मी पाठवलं नाही. ते कोणी काढलं, हे मला भावाला सांगता आलं नसतं.

त्यानंतर बरीच वर्षं मी ही चित्रं बघतोय, थोडी विकतही घेतली आहेत. आता मंडळातली नवी कुटुंबं विचारतात, 'आई-बाबा आलेत, त्यांना एखादं खरं चित्र घेऊन द्यायचंय, कुठून घेऊ?' त्यांना तुकड्या-तुकड्यांत जे सांगत आलो, ते इथे एकत्र लिहितो. चित्र ऑस्ट्रेलियात राहणार असो की डोंबिवलीला जाणार असो, खरेदीची पद्धत तीच. सांभाळण्यात मात्र फरक पडतो.

पायरी १: चित्र काय आहे, ते आधी कळू द्या

आपण ज्याला 'ठिपक्यांची नक्षी' म्हणतो ते बहुतेक वेळा जमिनीचं चित्र असतं. अमुक पूर्वज या वाटेने गेले, इथे पाणी सापडलं, इथे भांडण झालं, इथे एक बहीण मागे राहिली, अशी ती कहाणी. तिच्यात कायदा आहे, नातीगोती आहेत, पाणवठ्यांचे पत्ते आहेत. वार्लपिरी भाषेत याला 'जुकुर्पा' म्हणतात, पित्जंत्जत्जारा भाषेत 'चुकुर्पा'. इंग्रजीत 'ड्रीमिंग' हा शब्द रूढ झाला, पण त्याने हे सगळं स्वप्नात घडल्यासारखं वाटतं. तसं ते नाही.

मला स्वतःला हे कळलं ते एका कॅनव्हासमुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी १९९७ मध्ये ८ मीटर बाय १० मीटरचं एक प्रचंड चित्र एकत्र बसून काढलं. ज्याने-त्याने आपापल्या पाणवठ्याचा भाग रंगवला. जमिनीवरच्या आपल्या हक्काचा पुरावा म्हणून ते सरकारी न्यायाधिकरणापुढे ठेवलं, आणि साक्ष देणारा चित्रातल्या आपल्या जागेवर उभा राहून बोलला. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला. हे 'ङुरारा कॅनव्हास'. आपल्याकडे जमिनीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न सातबारा कोणाच्या नावावर, हा असतो. अशा चित्राकडे सातबारा म्हणून पाहिलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचतात: हे काढण्याचा अधिकार कोणाचा, सही कोणाची, आणि उतारा खरा की बनावट.

या अधिकाराचे नियम पक्के असतात. कोणीही उठून कोणाचीही कहाणी रंगवत नाही. वडिलांकडून, आजोबांकडून, आईच्या माहेराकडून ती मिळावी लागते, आणि ती नीट मांडली गेली का हे पाहणारी माणसंही नात्याने ठरलेली असतात. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक सुवासिनींनीच लिहायचा असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात काही परकं वाटणार नाही.

ठिपकेही सगळीकडे नसतात, हे नवख्या माणसाला सांगावं लागतं. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने ठिपके देण्याची पद्धत मध्य वाळवंटातली, आणि तीही अलीकडची. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कहाणी रंगवली. ती भिंत पुढे रंग मारून झाकली गेली, पण हात थांबले नाहीत. मिळेल त्या फळ्यांवर, पत्र्यांवर चित्रं होऊ लागली आणि १९७२ मध्ये 'पापुन्या तुला आर्टिस्ट्स' ही चित्रकारांच्याच मालकीची कंपनी उभी राहिली. त्याआधी याच आकृत्या वाळूवर, अंगावर आणि विधींच्या जमिनीवर काढल्या जात होत्या.

उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर, गेरू, पिवडी, पांढरी माती आणि कोळसा यांनी चित्र काढतात. तिथे ठिपक्यांऐवजी केसासारख्या बारीक आडव्या-तिरक्या रेघांची जाळी असते, तिला 'रार्क' म्हणतात. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली प्रदेशाच्या पूर्वेला, वार्मुन परिसरात, मातीच्या रंगांचे मोठे शांत पट्टे दिसतात. रोव्हर थॉमस यांची चित्रं एकदा पाहिली की ती शैली विसरता येत नाही. किंबर्लीच्याच उत्तर-पश्चिमेला तोंड नसलेले, डोक्याभोवती वलय असलेले 'वांजिना' काढतात, आणि ते काढण्याचा हक्क तिथल्या तीनच समूहांचा आहे. टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी हा तर वेगळाच समाज, त्यांची लिनोकट छापचित्रं वेगळी. म्हणून 'अ‍ॅबोरिजिनल स्टाइल' एवढंच लिहिलेलं दिसलं तर थांबा. असा एक प्रदेश नाही, अशी एक शैलीही नाही.

चिन्हांच्या तक्त्यावर फार विसंबू नका. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा, यू-आकार म्हणजे बसलेला माणूस, असे तक्ते सगळीकडे मिळतात. ते काही अंशी खरेही आहेत. पण तेच वर्तुळ एका चित्रात पाणवठा असतं, दुसऱ्यात चूल, तिसऱ्यात मुक्काम. आणि काही अर्थ बाहेरच्यांना सांगायचेच नसतात. चित्राबरोबर जेवढी कहाणी लिहून मिळते तेवढी आपली. त्यापलीकडे खोदून विचारू नये.

पायरी २: किती खर्च करायचा आहे ते ठरवा

यात फार वेळ घालवायला नको. वस्तीतल्या कलाकेंद्रांत लहान कॅनव्हास, साधारण ३० सेंटिमीटर चौरस, शंभर-दोनशे किंवा काही शे डॉलरमध्ये मिळतो. मोठ्या आणि नावाजलेल्या हातांच्या किमती हजारांत जातात. हात आखडता असेल तर मर्यादित प्रतींची छापचित्रं बघा. आर्नहेम लँडमधल्या मानिंग्रिडातल्या बाबारा महिला केंद्राचं किंवा तिवी बेटांवरच्या 'तिवी डिझाइन्स'चं हाताने छापलेलं कापड बघा. दोन मीटर कापड चौकटीत ताणून लावलं तर भिंत भरते, आणि पैसे योग्य हातात जातात. परवाना घेऊन, चित्रकाराचं नाव छापून विकलेला टी-टॉवेल (भांडी पुसायचं कापड) सुद्धा चालतो. खोट्या 'मोठ्या' चित्रापेक्षा खरा टी-टॉवेल घरात असलेला बरा.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर हा लेख तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. भाव वाढतीलच असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून मी तरी दूर राहतो.

पायरी ३: कुठून घ्यायचं

पहिली पसंती कलाकेंद्राला द्या. दूरवरच्या वस्त्यांमध्ये चित्रकारांच्या मालकीची, त्यांनीच निवडलेल्या मंडळाने चालवलेली ही केंद्रं असतात. यूएंडुमूचं वार्लुकुर्लांगू, यिर्कालाचं बुकू-लार्न्ग्गाय मुल्का, गुनबलान्याचं इंजालाक, वार्मुनचं केंद्र ही काही ठळक नावं. केंद्र कॅनव्हास-रंग देतं, चित्राची नोंद करतं, फोटो काढतं, कहाणी लिहून घेतं, विकतं. किमतीतला साधारण अर्धा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा चित्रकाराला जातो. उरलेल्यातून साहित्य, पगार, गाडीचं डिझेल आणि बऱ्याचदा वस्तीतली इतर कामं भागतात. बहुतेक केंद्रं संकेतस्थळावरून विकतात आणि पार्सल करतात. प्रत्यक्ष जायचं असेल तर आधी ईमेल करा, कारण कित्येक वस्त्या अ‍ॅबोरिजिनल मालकीच्या जमिनीवर आहेत आणि तिथे जायला परवाना लागतो. कोणाच्या मरणामुळे वस्ती शोकात असेल तर केंद्र काही दिवस बंदही राहतं. अशा वेळी उत्तराची घाई करू नये.

खात्रीची केंद्रं कोणती हे बघायला त्यांच्या संघटनांच्या याद्या आहेत: मध्य ऑस्ट्रेलियासाठी 'डेझार्ट', उत्तरेसाठी 'आन्का'. तिथल्या यादीत नाव असणं हा चांगला आरंभ.

दुसरा मार्ग जत्रांचा. ऑगस्टमध्ये डार्विनला अ‍ॅबोरिजिनल आर्ट फेअर भरतं, जुलैमध्ये केर्न्सला, आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जला 'डेझर्ट मॉब'. डार्विनच्या जत्रेत विक्रीची पूर्ण रक्कम केंद्रांकडे जाते. मला स्वतःला जत्रा सगळ्यात आवडते. पन्नास वेगवेगळ्या प्रदेशांचे हात एका छपराखाली दिसतात, चित्रकार स्वतः भेटतात, आणि दोन तासांत डोळा इतका तयार होतो की पुस्तकं वाचून वर्षभरात होणार नाही. एकदाच कुठेतरी प्रवास करायचा असेल तर ऑगस्टमध्ये डार्विनला जा. त्याच सुमाराला तिथल्या संग्रहालयात याच कलेच्या राष्ट्रीय पुरस्काराचं प्रदर्शनही असतं. १९८४ पासून ते सुरू आहे.

तिसरा मार्ग शहरातल्या गॅलऱ्यांचा. इथे 'इंडिजिनस आर्ट कोड'चं सदस्यत्व विचारा. ही ऐच्छिक आचारसंहिता आहे. सही करणारा विक्रेता चित्रकाराशी पारदर्शक व्यवहार करण्याचं बंधन स्वीकारतो. सदस्यत्व असलं की डोळे मिटून पैसे द्यावेत असं नाही, पण नसेल तर 'का नाही?' हा प्रश्न नक्की विचारावा.

आता ज्याला इथे 'कार्पेटबॅगर' म्हणतात त्याबद्दल. शहरातल्या मोटेलच्या खोलीत किंवा शेडमध्ये म्हाताऱ्या चित्रकारांना बसवून, थोडी रोख, एखादी जुनी गाडी, कधी दारू देऊन ढिगाने चित्रं काढून घेणारे दलाल आहेत. २००७ च्या सिनेटच्या चौकशीत या प्रकारांची दखल घेतली गेली. त्यांच्याकडचं चित्र 'खरं' असू शकतं, म्हणजे हात त्याच चित्रकाराचा असतो. म्हणूनच खरं आहे का, एवढं विचारून भागत नाही. ते कोणत्या परिस्थितीत काढलं गेलं, हेही विचारावं लागतं.

इथेच फोटोची गोष्ट येते. विक्रेता अभिमानाने दाखवतो, चित्रकार चित्र हातात धरून उभी आहे. पुष्कळ लोक यावर भाळतात. पण फोटोतून फक्त ती व्यक्ती त्या चित्राजवळ उभी होती एवढंच कळतं. तिने ते काढलं का, किती पैसे मिळाले, तिथे ती स्वखुशीने होती का, यातलं काहीच नाही. कलाकेंद्राचा नोंदीचा कागद मात्र बोलतो.

पायरी ४: तोंड उघडून विचारा

आपल्याकडे भाजीवालीलाही आपण 'कुठली मेथी?' विचारतो. इथे लोक हजार डॉलर देताना संकोचतात. हे विचारा, शक्यतो ईमेलवर, म्हणजे उत्तर लिखित राहील:

– चित्रकार कोण, कुठल्या समूहाची, कुठल्या वस्तीची?
– चित्र कुठे आणि कोणत्या साली काढलं? तुमच्याकडे कोणामार्फत आलं?
– चित्रकाराला पैसे कसे मिळाले: आधीच रोखीने, की विक्रीनंतर टक्केवारीने?
– प्रमाणपत्र कोणी दिलं आहे? त्यावरचा नोंद क्रमांक चित्राच्या मागे आहे का?

प्रामाणिक विक्रेता या प्रश्नांनी खूश होतो. चिडणारा, किंवा 'आजच घेतलंत तर निम्म्या किमतीत' म्हणणारा, त्याच्या दुकानातून बाहेर पडा. निम्म्या किमतीला पडणारा तो घास बहुधा चित्रकाराच्या ताटातला असतो.

चांगल्या प्रमाणपत्रावर केंद्राचं नाव, चित्रकाराचं नाव, भाषा, चित्राचं शीर्षक, कहाणी, माप, साहित्य, छोटा फोटो आणि नोंद क्रमांक असतो. तोच क्रमांक कॅनव्हासच्या मागे किंवा कडेला हाताने लिहिलेला दिसतो. शंका असेल तर केंद्राला क्रमांक कळवून विचारा. मी दोनदा विचारलं आहे, दोन्ही वेळा नोंदवही पाहून उत्तर आलं. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या, सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्राचं वजन तो विक्रेता जेवढा विश्वासू, तेवढंच.

नावांचा घोळ होतो, तोही समजून घ्या. त्जापाल्त्जारी, नापाल्त्जारी, नापांगार्डी ही आडनावं नव्हेत. ती 'स्किन नेम' आहेत, कोणाचं कोणाशी लग्न होऊ शकतं, कोण कोणाची मावशी-आत्या लागते हे ठरवणारी. वाळवंटातल्या बऱ्याच समूहांत बाईचं स्किन नेम 'न'ने सुरू होतं, पुरुषाचं 'त्ज' किंवा 'ज'ने. त्यामुळे त्जापाल्त्जारी शेकडो असतात, आणि त्यातला प्रसिद्ध एकच असेल असं नाही. 'हे प्रसिद्ध त्जापाल्त्जारींचं' म्हणून कोणी विकत असेल तर पूर्ण नाव मागा. स्पेलिंगही बदलतात, ती फसवणूकच असते असं नाही. आणि अनेक समूहांत मृत व्यक्तीचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. चित्रकार हयात आहे का, हे वस्तीत नाव घेऊन मोठ्याने विचारण्यापेक्षा केंद्रातल्या माणसाला हळूच विचारावं.

बनावट माल आणि कायदा

ऑस्ट्रेलियात 'अ‍ॅबोरिजिनलसारखी' वस्तू बनवून विकणं, ही गोष्ट स्वतःहून बेकायदा नाही, हे ऐकून मला धक्का बसला होता. ती अ‍ॅबोरिजिनल माणसाने बनवली आहे असं भासवलं, तर ग्राहक कायदा आड येतो. बिरुबी आर्ट या कंपनीने २०१५ ते २०१७ दरम्यान १८,००० हून अधिक बूमरँग, डिजरिडू (फुंकून वाजवायचं लांब वाद्य) वगैरे वस्तू विकल्या. त्या इंडोनेशियात बनल्या होत्या. फेडरल कोर्टाने २०१८ मध्ये कंपनीला दोषी ठरवलं आणि २०१९ मध्ये २३ लाख डॉलर दंड केला. सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०२२ च्या अहवालात नोंदवलं की अशा धाटणीच्या वस्तूंवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा अस्सल नसलेल्या वस्तूंवर जातो, आणि त्यात भेटवस्तूंच्या दुकानांचा वाटा मोठा. विमानतळावर घाईत घेतलेली वस्तू म्हणूनच सगळ्यात धोक्याची.

वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी मुंबईच्या मॉलमध्ये स्टेन्सिलने मारलेली तारपा नाचणारी माणसं कपबशांवर दिसतातच. आपल्या घरच्या या अनुभवामुळे मराठी माणसाला हा प्रश्न कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

पायरी ५: पैसे, कर, प्रवास

बिल पक्कं घ्या आणि त्यावर चित्रकाराचं नाव व नोंद क्रमांक लिहून घ्या. बिलात जीएसटी लावलेला असेल, एकाच विक्रेत्याकडची खरेदी ३०० डॉलर किंवा जास्त असेल आणि देश सोडण्यापूर्वीच्या ६० दिवसांतली असेल, तर विमानतळावर तो परत मागता येतो. चित्र मोठ्या सामानात टाकायचं असेल तर चेक-इनच्या आधी अधिकाऱ्याला दाखवावं लागतं.

जुन्या आणि मौल्यवान चित्रांना देशाबाहेर नेण्यासाठी १९८६ च्या सांस्कृतिक वारसा कायद्याखाली परवानगी लागू शकते. नव्या, साध्या चित्रांना हा प्रश्न येत नाही, पण दुय्यम बाजारातून, म्हणजे आधी एकदा विकलं गेलेलं, जुनं काही घेत असाल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. पिसं, दात, कातडं लावलेल्या वस्तूंना वन्यजीवांचे वेगळे नियम आहेत. भारतात कुरियरने मागवताना कस्टम ब्रोकरला आधी दर विचारा, आणि किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. पार्सल हरवलं तर विमा तेवढाच मिळतो, आणि कागदोपत्री चित्राची किंमत कायमची खोटी राहते.

कॅनव्हास गुंडाळून न्यायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आपला हात सवयीने उलटं करतो, रंग आत सुरक्षित राहील म्हणून. पण आत गुंडाळला की रंगाचा थर चेपला जातो आणि उंच ठिपके एकमेकांवर घासतात. रंगावर सिलिकॉन लावलेला कागद (बेकिंगचा चालतो) घालून निदान दहा सेंटिमीटर जाडीच्या नळीवर सैलसर गुंडाळा. बबलरॅप थेट रंगावर नको, त्याचे फुगे अ‍ॅक्रिलिकवर उमटतात. वर्तमानपत्र तर अजिबातच नको.

पायरी ६: घरी आल्यावर

सगळ्यात आधी मागची बाजू स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. क्रमांक, सही, केंद्राचा शिक्का, सगळं. कारण ताणल्यावर ते लाकडाखाली जाऊ शकतं.

मग फ्रेमवाल्याकडे स्वतः जा आणि त्याच्यासमोर उभं राहून दोन गोष्टी सांगा. एक, कडेचा रिकामा कॅनव्हास कापायचा नाही. तो मागे दुमडायचा. माझ्या ओळखीच्या एका घरात फ्रेमवाल्याने 'व्यवस्थित' करायचं म्हणून कडा छाटल्या आणि त्यांच्याबरोबर नोंद क्रमांक केराच्या टोपलीत गेला. दोन, लाकूड चांगलं वाळलेलं हवं. कच्चं लाकूड पावसाळ्यात पिळवटतं आणि चित्राला तिरपी सुरकुती पडते. मोठ्या चित्राला मध्ये आडवी पट्टी लागते. काच लावायची गरज नसते. लावायचीच तर काच रंगाला टेकता कामा नये, मध्ये पोकळी हवी. वॉर्निश कधीही मारू देऊ नका, 'चमक येईल' असं कितीही सांगितलं तरी. गुंडाळलेलं चित्र वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. दोन-चार महिन्यांत ताणून घ्या.

टांगताना उन्हाची भिंत टाळा, गॅसची आणि देवघराचीही. उदबत्ती-निरांजनाचा धूर अ‍ॅक्रिलिकवर बसतो आणि निघत नाही. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने किंचित मऊ होतं आणि धूळ धरतं, त्यामुळे मे महिन्यात तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर ते काळवंडत जातं.

पुसण्याची कृती एका वाक्यात: मऊ, कोरडा, रुंद ब्रश, वरून खाली, दाब न देता, वर्षातून दोन-तीनदा. ओलं फडकं नको, कॉलिन नको, पिसांचा झाडणाही नको, त्याचे काटे ठिपक्यांत अडकतात. ब्रशवर रंग आला तर लगेच थांबा.

आता पावसाळा. ऑस्ट्रेलियातले सल्ले कोरड्या हवेसाठी लिहिलेले असतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैची हवा निराळी. बुरशीला साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर गेलेली दमट हवा पुरते, आणि आपल्याकडे ती चार महिने त्याच्या वर असते. म्हणून बाहेरच्या, ओल झिरपणाऱ्या भिंतीवर चित्र लावूच नका. दोन खोल्यांमधली आतली भिंत बघा. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्रामध्ये वारा खेळेल. दर पंधरा दिवसांनी उतरवून मागे वास घ्या. कुबट वास डोळ्यांच्या आधी सांगतो. कॅनव्हास सैल पडला तर घाबरून लगेच ठोकून घट्ट करू नका, हवा कोरडी झाली की बहुधा तो सावरतो. पांढरट बुरशी दिसली तर चित्र इतरांपासून वेगळं करा, पंख्याच्या सौम्य हवेत, सावलीत वाळवा, आणि संग्रहालयाशी संबंधित संवर्धकाला दाखवा. उन्हात ठेवणं आणि डेटॉलने पुसणं, हे दोन्ही घरगुती उपाय चित्राचा घात करतात.

सालीवरचं चित्र असेल तर

साल म्हणजे जिवंत झाडाचा भाग. पावसाळ्यात, झाडात रस चढलेला असताना ती सोलतात, विस्तवावर धरून सपाट करतात, वजनाखाली वाळवतात. तरी ती मूळच्या गोलाईकडे वळत राहते. हवा कोरडी झाली की आक्रसते, दमट झाली की पसरते. म्हणून ती थोडी वाकली तर तो दोष नाही, आणि दाबून सरळ करण्याचा प्रयत्न म्हणजे चीर नक्की. चारी बाजूंनी घट्ट फ्रेममध्ये बसवू नका; सालीला हलायला जागा देणाऱ्या धातूच्या आधारावर ठेवा. ४५ ते ५५ टक्क्यांची स्थिर हवा तिला मानवते. दिवसा एसी, रात्री बंद, असा रोजचा चढउतार तिला दमटपणापेक्षाही जास्त छळतो.

रंग मातीचे आहेत, वरून धूळ झटकताना तेच झटकले जातील. हाताळताना नेहमी खालून, दोन्ही तळहातांवर घ्या, रंगाला बोट नको. वाळवी आणि भुंगा लागू शकतो. सालीखाली पिठासारखी भुकटी दिसली की संवर्धकाला बोलवा. डांबरगोळ्या आणि फवारे वापरू नका.

खरं सांगायचं तर कोकणातल्या उघड्या-वाऱ्याच्या घरासाठी मी साल घ्यायला सांगणार नाही. तिथे कॅनव्हास बरा, कापड त्याहून बरं.

पायरी ७: चित्र तुमचं, प्रतिमा चित्रकाराची

चित्र विकत घेतल्याने कॉपीराइट मिळत नाही. घरात टांगा, पाहुण्यांना दाखवा. मंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, टी-शर्टवर, दुकानाच्या पाटीवर ते छापायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. ती केंद्रामार्फत किंवा 'कॉपीराइट एजन्सी'मार्फत मिळते.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलरच्या नव्या नोटा काढल्या. एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मालांगी या आर्नहेम लँडच्या चित्रकाराच्या सालीवरच्या चित्राची आकृती छापली गेली. त्यांना न विचारता. नंतर बोभाटा झाल्यावर त्यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य देण्यात आलं. ती एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीची कहाणी होती, आणि ती देशभरातल्या खिशांत फिरत राहिली.

पुढे कधी विकायची वेळ आली तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. क्लिफर्ड पॉसम त्जापाल्त्जारी यांचं 'वार्लुगुलाँग' हे १९७७ चं चित्र सुरुवातीला १,२०० डॉलरना विकलं गेलं होतं. २००७ च्या लिलावात ते २४ लाखांना गेलं. चित्रकार २००२ मध्येच वारले होते, आणि तोवर पुनर्विक्रीच्या हिश्शाचा कायदाही नव्हता. तो ९ जून २०१० पासून लागू झाला. आता ऑस्ट्रेलियात गॅलरी किंवा लिलावामार्फत १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला पुनर्विक्री झाली, तर ५ टक्के चित्रकाराला, आणि मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांना मिळतात. भारतात खासगी व्यवहारात चित्र विकलंत तर हा कायदा तुमच्या दारात येणार नाही. मी असतो तर तरीही ते ५ टक्के केंद्राकडे पाठवले असते.

राहता राहिला कागदांचा लिफाफा. प्रमाणपत्र, बिल, केंद्राशी झालेल्या ईमेलच्या प्रती, मागच्या बाजूचे फोटो हे सगळं एकत्र ठेवा, आणि त्याची एक प्रत घराबाहेर, भावंडाकडे किंवा मुलांकडे द्या. मूळ कागद चित्राच्या मागे चिकटवू नका. गोंदाचा डाग पुढे उतरतो आणि फ्रेम बदलताना कागद फाटतो. लिफाफ्यावर मराठीत चित्रकाराचं नाव उच्चारासकट आणि कहाणी चार ओळींत लिहून ठेवा. भावाच्या घरी आता यूएंडुमूचं एक छोटं चित्र आहे. त्याच्या मुलीला त्या बाईंचं नाव नीट म्हणता येतं.